भिंतीकडे तोंड

८ फेब्रुवारी

चि. बारक्यास,

आशीर्वाद, आणि डोक्यात एक टपली. पोलीस ठाण्यात रुजू झालास आणि तुझं पत्र आलं ते चार ओळींचं. त्यातल्या दोन नव्या बुटांबद्दल. आई म्हणते, वर्दी मिळाल्यापासून पोराचं तोंड शिवलंय की काय. मी म्हटलं, शक्यच नाही, त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही.

मोबाइल दुरुस्त करणारी बाई कागदावर पत्रं लिहिते म्हणून तुझे सोबती हसतात म्हणे. हसू देत. फोनच्या पोटात काय काय राहतं आणि पुसलं तरी कसं पुसलं जात नाही, हे मी रोज बघते. म्हणून माझं आपलं पाकीट, डिंक आणि बसचा ड्रायव्हर बरा.

आता बातमी. दुकानाला नवी पाटी लागली! बाबांची 'रेडिओ दुरुस्ती' काढताना जीव गलबलला, पण ती फेकली नाही, आत माझ्या डोक्यावर लावलीय. नव्या पाटीवर लिहिलंय 'मोबाइल दुरुस्ती, तुमच्यासमोर'. आणि अगदी समोर हं. टेबलावर एक तिरका आरसा लावलाय. मी पाठमोरी बसते, पण गिऱ्हाइकाला आरशात माझे दोन्ही हात दिसतात. नंबर टाकून फोन उघडायची वेळ आली, की फोन त्याच्या हातात द्यायचा आणि मी भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. बाकीचे दुकानदार तो नंबर चिठ्ठीवर लिहून घेतात. आपल्याकडे ते नाही. शेजारचे चष्मेवाले काका म्हणतात, शाळेत शिक्षा झाल्यासारखी दिसतेस!

आणि आता खरी गंमत. परवा आभाळ कोरडं ठणठणीत, आणि एक बाई हिरवी छत्री उघडून चालत आल्या. दुकानात शिरल्या तरी छत्री मिटेनात. फोन काढला, म्हणाल्या, "बादलीत पडलाय. घाई नाही, पण आतलं काही जाता कामा नये. आणि कुणी विचारलं तर मी इथे आले नव्हते." नाव सांगेनात, पावती घेईनात. मी फोन उघडून सुकत ठेवलाय, खालच्या कप्प्यात, कुलपात. आतला एक भाग गंजलाय, तो मागवावा लागेल.

माझा अंदाज सांगू? प्रेमप्रकरण! वयाने माझ्याएवढ्या असतील, पण डोळे असे भिरभिरत होते की काय सांगू. काका म्हणतात, बाई कर्ज बुडवून पळाली असेल. पैज लावलीय आम्ही. तू पोलीस ना, तुझा काय तर्क?

तुझी,
ताई

*

१५ फेब्रुवारी

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार, आणि टपली पोचली.

ताई, मी झडतीला गेलो! खरीखुरी झडती! चोरीचे टायर एका घरात लपवलेत अशी खबर होती. न्यायाधीशांच्या सहीचा कागद, दोन पंच, आमचे जमादार पुढे आणि मी मागे. छाती अशी धडधडत होती की वर्दीची बटणं हलत असतील. मी म्हटलं, आपल्या हातून काही सुटायला नको. पलंगाखाली बघितलं, माळ्यावर बघितलं, मग कपाटातला पत्र्याचा डबा उघडला. त्यात जुने फोटो, कुणाकुणाची पत्रं. मी एक उलगडलं सुद्धा.

घरातली आजी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. एवढीशी, माझ्या कोपराला लागेल इतकी. म्हणाली, "काय शोधतोस रे?" मी म्हटलं, टायर. ती म्हणाली, "मग माझ्या नवऱ्याच्या पत्रात टायर मावतो होय?"

ताई, पंच हसले, जमादार हसले, मी कानापर्यंत लाल. बाहेर आल्यावर मात्र पंचनामा लिहिणारे कारकूनभाऊ मला बाजूला घेऊन म्हणाले, "पोरा, आजीबाई कायदा बोलल्या. ज्या वस्तूचा कागद आहे ती जिथे मावेल तिथेच बघायचं. आणि सापडली की झडती संपली. उगाच बोटं घालत फिरायला आपण उंदीर नाही." हे मी वहीत नाही, मनात लिहून ठेवलंय. टायर परसात सापडले, ताडपत्रीखाली.

तुझं पत्र सगळ्यांना इतकं आवडलं म्हणून सांगू! दुपारी जेवताना मोठ्याने वाचून दाखवलं. छत्रीवाल्या बाईपाशी आलो तेव्हा लोक ठसक्याने मरायचे बाकी होते. जमादारांनी तर तो भाग पुन्हा वाचायला लावला. माझा तर्क विचारशील तर प्रेमप्रकरणच. काकांकडून पैज वसूल कर.

आईला सांग, बूट चावत नाहीत आता.

तुझा,
बारक्या

*

२२ फेब्रुवारी

चि. बारक्या,

घाईत लिहितेय, अक्षर लावून वाच.

काल दुपारी दुकानात एक साहेब आले. वर्दी नव्हती, पण शर्टाची इस्त्री अशी कडक की उभे राहिले तरी घडी दिसत होती. ओळखपत्र दाखवलं, तुमच्याच खात्याचं. माझ्याकडे बघितलंही नाही, थेट बोट दाखवलं. "खालचा कप्पा उघडा."

मी म्हटलं, "कशासाठी?"

"तपास आहे. एका बाईचा फोन आहे तुमच्याकडे."

"माझ्याकडे पुष्कळ बायकांचे फोन आहेत, साहेब. कागद आहे का?"

बारक्या, हे 'कागद आहे का' माझ्या तोंडून कसं निघालं मला ठाऊक नाही. तुझी टायरवाली आजी अंगात आली असेल. साहेब हसले. म्हणाले, "दुकान चालवायचंय ना?" आणि काउंटरची फळी उचलून आत यायला लागले. मी कप्प्याच्या पुढ्यात माझी खुर्ची ओढली आणि बसले. बाबांचीच खुर्ची, लोखंडी. मोठ्याने म्हटलं, "काका! जरा इकडे या हो, हे साहेब कागद घरी विसरलेत!" चष्मेवाले काका आले. त्यांच्यामागे शिवणवाल्या मावशी गळ्यात टेप घालून आल्या. दोघं माझ्या बाजूला येऊन उभे राहिले. साहेबांनी तिघांकडे एकेकदा बघितलं, म्हणाले, "येईन मी," आणि गेले. ते गेल्यावर माझी पाचावर धारण बसली. मावशींनी पाणी पाजलं.

आज सकाळी छत्रीवाली आली. मी तिला सगळं सांगितलं. ती मटकन बसली आणि तिने पहिल्यांदा छत्री मिटली. बारक्या, कपाळापासून कानापर्यंत काळंनिळं. तो साहेब तिचा नवरा. फोन बादलीत पडला नव्हता, त्यानेच बुडवला होता. त्यात तिने काढलेले स्वतःच्या जखमांचे फोटो आहेत, त्याच्या धमक्यांचा आवाज आहे, आणि जिने तिला आसरा दिलाय तिचा पत्ता आहे. एवढा पुरावा न्यायाधीशांपुढे ठेवायचा, म्हणून ती जिवावर उदार होऊन घराबाहेर पडलीय. तक्रार कुठे करणार? ठाण्यात तोच बसलेला. कुंपणच शेत खातं, ते हे.

आणि मी प्रेमप्रकरणाची पैज लावत होते! माझी मलाच लाज वाटली.

मी म्हटलं, फोन घेऊन जा. म्हणाली, "माझ्याकडे असला तर रस्त्यात हिसकावून घेईल. तुमच्याकडे राहू दे." मी हो म्हटलंय. गंजलेला भाग आलाय, उद्यापासून बसवायला घेते. चालू होईल की नाही, सांगता येत नाही.

एक कळत नाही. मी कप्पा कधी गिऱ्हाइकासमोर उघडत नाही. त्याला खालचाच कप्पा कसा ठाऊक?

ताई

*

२६ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न.

तुझं पत्र मिळालं. थोडक्यात लिहितो.

फोन देऊन टाक. नवरा-बायकोच्या भांडणात तिसऱ्याने पडू नये. खात्याचा माणूस मागतोय तर त्याला काही कारण असेल. एका चिमणीच्या चित्राच्या फोनपायी बाबांचं दुकान घालवशील. माझी नोकरीही अजून कच्ची आहे, वर्षभर कुणीही काढू शकतं. आईचा विचार कर.

ड्रायव्हरकडे उलट टपाली 'दिला' एवढंच लिहून पाठव.

बारक्या

*

२७ फेब्रुवारी

बारक्या,

आशीर्वाद नंतर. आधी उत्तर दे.

त्या फोनच्या पाठीवर चिमणीचं चित्र आहे, खरं आहे. लहान मुलं चिकटवतात तसं. पण ते मी तुला कधी लिहिलंच नव्हतं. दोन्ही पत्रं आठवून आठवून पाहिली. चिमणी मला ठाऊक, तिला ठाऊक आणि तिच्या नवऱ्याला ठाऊक. मग तुझ्या पत्रात ती कुठून येऊन बसली?

आणि खालचा कप्पा मी जगात एकाच ठिकाणी लिहिलाय. माझ्या पहिल्या पत्रात. जे तू जेवताना मोठ्याने वाचलंस.

तुला शिव्या घालायला बसले होते, पण पेन अडलं. ते पत्र लिहिलं कुणी? मीच ना? गिऱ्हाइकाने नंबर टाकताना मी भिंतीकडे तोंड करते, आरसे लावते, पाटीवर 'तुमच्यासमोर' लिहिते, आणि त्याच हाताने त्या बाईची छत्री, तिचे डोळे, तिचा फोन आणि कप्पा, सगळं पाकिटात घालून धाडते. का, तर गंमत म्हणून! ती म्हणाली होती, मी इथे आले नव्हते. आपलेच दात आणि आपलेच ओठ. तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही, तो गुण घरचाच आहे.

फोन दिलेला नाही. देणार नाही. तुला कुणी काय सांगितलं ते सगळं लिही. नाही लिहिलंस तर मला भाऊ नाही असं समजेन. हे रागाने लिहीत नाहीये, चष्मा पुसून लिहितेय.

ताई

*

१ मार्च

ताई,

पत्र वाचून परसात जाऊन रडलो. मग तोंड धुतलं. आता सगळं सांगतो.

तो साहेब आणि आमचे जमादार एका तुकडीत शिकलेले. बायको घरातून गेल्यावर त्याने दोस्तांना कळवून ठेवलं होतं, हिरवी छत्री, चिमणीचा फोन, कुठे दिसली तर सांगा. आणि मी भर पंगतीत ताट वाढल्यासारखं सगळं वाढलं! जमादारांनी तो भाग पुन्हा का वाचायला लावला, ते मला तेव्हा कळलं नाही. मी खूश झालो होतो, ताई, की माझ्या बहिणीचं अक्षर लोकांना आवडतंय.

साहेब तुझ्याकडून हात हलवत परतला तेव्हा जमादारांनी मला आत बोलावलं. म्हणाले, बहिणीला समजाव, नाहीतर तुझी वर्दी सांभाळ. मी घाबरलो. ते पत्र मी त्यांच्या टेबलापाशी बसून लिहिलं. ड्रायव्हरकडे द्यायच्या आधी त्यांनी वाचलं. पण चिमणी त्यांनीच बोलता बोलता सांगितली होती, आणि ती पत्रात गेली हे त्यांच्याही लक्षात आलं नाही!

आता माझं ऐक. नीट ऐक. मी काल कारकूनभाऊंना गाठलं. ते म्हणाले, साहेब आता गप्प बसणार नाही, फोन घरातून चोरीला गेला म्हणून फिर्याद देईल आणि झडतीचा कागद काढेल. खरेदीची पावती त्याच्या नावावर असणार. तर,

कागद आला की दार उघड. लपवू नको, खोटं बोलू नको. कागद हातात घे आणि मोठ्याने वाच, गल्लीला ऐकू जाईल असा. त्यात जी वस्तू लिहिलीय तेवढीच द्यायची, आणि ती तूच काढून दे. मिळाली की झडती संपली! दुसरा एक कप्पा उघडू देऊ नको. आजीचा टायर आठव. फोन ताब्यात घ्यायचा कागद म्हणजे फोन उघडून बघायचा कागद नव्हे. पंचांसमोर गुंडाळायला लाव, लाखेचं सील लाव म्हण, सीलवर तुझी आणि पंचांची सही. फिर्याद ज्याची, त्याच्या हाती वस्तू द्यायची नाही. ती सरळ न्यायाधीशांकडे गेली पाहिजे. पंचनाम्याची प्रत माग आणि हातात आल्याशिवाय सही करू नको.

आणि ताई, मी आज सकाळी ठाण्याच्या डायरीत स्वतःच्या हाताने नोंद केलीय, की जमादारांनी मला अमुक सांगितलं, तमुक लिहायला लावलं. एकदा लिहिलेलं पान कुणाला फाडता येत नाही. कारकूनभाऊंनी डायरी पुढे सरकवली आणि स्वतः खिडकीबाहेर बघत बसले. लिहून झाल्यावर इतकं हलकं वाटलं की काय सांगू! नोकरी राहते की जाते बघू.

हे पत्र कुणालाही वाचून दाखवलेलं नाही.

तुझा (असलो तर),
बारक्या

*

५ मार्च

माझ्या बारक्या,

आहेस रे! आहेस म्हणून तर आज टिकले!

आले. आज दुपारी, मोटार भरून. पुढे एक तरुण अधिकारी बाई, हातात कागद. मागे तीन शिपाई. आणि सगळ्यांत शेवटी इस्त्रीवाले साहेब, आपण सहज आलोय अशा चेहऱ्याने. तुझं पत्र माझ्या ब्लाऊजमध्ये होतं, ऊब देत होतं म्हण.

मी कागद घेतला आणि बाबांच्या खुर्चीवर चढले. खोटं नाही, चढले! खणखणीत वाचला. "या पत्त्यावरील दुकानातून एक मोबाइल, काळा, पाठीवर चिमणीचे चित्र, ताब्यात घेऊन या न्यायालयासमोर हजर करावा." गल्ली गोळा झाली. आई वरच्या खिडकीतून ओरडली, "परत वाच, मला नीट ऐकू नाही आलं!" मी परत वाचला.

मग कप्पा उघडला आणि फोन काउंटरवर ठेवला. "हा घ्या. काळा, चिमणी."

साहेब म्हणाले, "बाकीचे कप्पेही बघा. इथे चोरीचा माल असतो."

एक शिपाई पुढे झाला. मी त्या अधिकारी बाईंकडे वळले. म्हटलं, "बाई, कागदात एक फोन आहे. तो समोर आहे. आता या कप्प्यांत जे आहे ते लोकांचं आहे. कुणाची आई आजारी असल्याचे निरोप असतील, कुणाच्या पोराचे फोटो असतील. त्यांना कुणी कागद दाखवलाय?"

त्या बाईंचे कान लाल झाले, तुझे व्हायचे तसे. त्यांनी कागद पुन्हा वाचला, सावकाश. मग शिपायाला म्हणाल्या, "मागे व्हा. वस्तू मिळालीय." बारक्या, मी त्यांना मिठी मारायची तेवढी बाकी ठेवली!

साहेबाचा आवाज चढला. "निदान फोन उघडायचा नंबर सांगा. दुरुस्तीला घेताना लिहून घेतला असेलच!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "माझ्याकडे नाही. मी भिंतीकडे तोंड करते." शिपाई हसला. पण काका म्हणाले, करते खरी. मावशी म्हणाल्या, करते. पाठीमागून कुणीतरी म्हणालं, माझ्या वेळेलाही केलं होतं. अख्खी गल्ली साक्ष द्यायला लागली, आणि साहेबाची इस्त्री तेवढी जागेवर राहिली.

साहेबांनी फोन उचलायला हात पुढे केला. अधिकारी बाईंनी तो आपल्याकडे ओढून घेतला. "सर, फिर्यादी तुम्ही आहात." एवढंच. काका आणि मावशी पंच झाले. फोन कापडात गुंडाळला, शिवणवाल्या मावशींनी टाके घातले, एवढे बारीक की लग्नाचा पोशाख शिवतायत असं वाटावं. लाख लागली, सह्या झाल्या. प्रत माझ्याकडे आहे.

मोटार गेली. लोक टाळ्या वाजवत होते, आणि मी आत येऊन हमसाहमशी रडले. कारण फोन गेला, बारक्या. तिने माझ्यावर टाकला होता आणि तो गेला. नवा भाग कालच बसवलाय, पण चालू करून बघायला वेळच मिळाला नाही. आता तिला काय सांगू?

ताई

*

८ मार्च

ती. ताईस,

सा. न. आणि खुर्चीवर चढल्याबद्दल आणखी एक नमस्कार!

अगं वेडे, रडतेस काय? फोन गेला कुठे ते बघ! न्यायाधीशांच्या टेबलावर! त्या बाईला तो नेमका कुठे न्यायचा होता? रस्त्यात हिसकावला जाईल म्हणून ती नेऊ शकत नव्हती. आता नवऱ्यानेच सरकारी मोटारीतून, सील लावून, शिपायांच्या पहाऱ्यात तो तिथे पोचवला. ताकाला जाऊन भांडं लपवत होता, आता भांडं चव्हाट्यावर. तिला सांग, कोर्टाची तारीख लागेल तेव्हा तिने तिथे हजर राहायचं आणि म्हणायचं, फोन माझा आहे.

माझं म्हणशील तर मला घोड्यांच्या तबेल्यावर पाठवलंय. डायरीतली नोंद वर गेली, चौकशी लागलीय. जमादार बोलत नाहीत, सोबती ताट घेऊन दुसरीकडे बसतात. कारकूनभाऊ तेवढे रोज येऊन घोड्याला थोपटून जातात आणि मला काही म्हणत नाहीत. साक्षीला बोलावलं तर जे झालं ते सांगणार आहे. घोडे बरे असतात, ताई. त्यांना काहीही सांगितलं तरी ते कुठे बोलत नाहीत.

फक्त फोन चालू होऊ दे. चालू होईल ना गं?

तुझा,
बारक्या

*

२० मार्च

चि. बारक्यास,

अनेक, अनेक, अनेक आशीर्वाद! बस, पाणी पी, मग वाच.

काल तारीख होती. मलाही बोलावणं होतं, फोन दुरुस्त केला म्हणून. छत्रीवाली पहिल्या बाकावर, छत्री नाही, चेहरा उघडा. साहेब आज वर्दीत. न्यायाधीश म्हातारे आहेत, बारीक आवाजाचे. त्यांनी सील बघितलं, सह्या बघितल्या, टाके बघून म्हणाले, "शिवण चांगली आहे." मावशी एवढ्या फुगल्या की बाक कमी पडला.

साहेबांनी पावती दाखवली, फोन माझा. तिने सांगितलं, विकत त्यांनी घेतला, पण वापरते मी, आणि त्यात माझं म्हणणं आहे. न्यायाधीश म्हणाले, "बघू तर खरं. चालू होतो का?"

आणि मला पुढे बोलावलं. बारक्या, आयुष्यात इतके फोन उघडले, पण न्यायाधीशांसमोर कधी नाही. टाके उसवले, चार्जर लावला. काही नाही. काळा ठिक्कर. साहेब खुर्चीत मागे रेलले. मी मनात म्हटलं, बाबा, आज लाज राखा. बटण दाबून धरलं. काही नाही. तिने डोळे मिटले. मी चार्जरची पिन काढली, पदराने पुसली, परत लावली आणि पुन्हा दाबलं.

उजेड आला! इवलासा! मी भर कोर्टात "आला!" म्हणून ओरडले. शिपाई मला गप्प करायला आला आणि स्वतःच हसायला लागला.

न्यायाधीश इस्त्रीवाल्या साहेबांना म्हणाले, "तुमचा ना? उघडा." साहेब म्हणाले, बायकोने नंबर बदललाय. मग फोन तिच्यापुढे ठेवला. ती नंबर टाकायला लागली, आणि मी आपली सवयीने गर्रकन वळले आणि भिंतीकडे तोंड केलं.

"बाई, काय करताय?" न्यायाधीशांचा आवाज.

मी न वळता म्हटलं, "धंद्याची रीत आहे, साहेब. ज्याचा नंबर त्याने टाकायचा. आपण बघायचं नाही."

माझ्या पुढ्यात काचेचं कपाट होतं, त्यात अख्खी खोली दिसत होती, माझ्या आरशासारखी. न्यायाधीशांनी खुर्ची फिरवली आणि खिडकीकडे बघायला लागले. टंकलेखक बाईंनी मान खाली घातली. शिपाई छताकडे. दोन्ही वकील, काका, मावशी, मागच्या बाकांवरचे अनोळखी लोक, एकेक करून सगळ्यांनी तोंडं फिरवली. ती मधोमध एकटी, हातात तो फोन, आणि तिच्याकडे कुणी बघत नव्हतं.

एक सोडून. साहेब मान उंच करून, डोळे ताणून तिच्या बोटांकडे बघत होते.

खिडकीच्या काचेत न्यायाधीशांनाही ते दिसलं असणार. त्यांनी वळूनही पाहिलं नाही. हळू आवाजात म्हणाले, "फोन तुमचा आहे म्हणता ना? मग नंबर चोरून कशाला बघताय?"

पुढचं त्यांनी दार लावून, तिला एकटीला आणि दोन्ही वकिलांना घेऊन पाहिलं आणि ऐकलं. दार उघडलं तेव्हा म्हाताऱ्यांचा चेहरा उतरला होता. तिच्या जवळपास फिरकायचं नाही असा हुकूम झाला. साहेबांना वर्दी उतरवून चौकशीला सामोरं जायचंय. तुझ्या डायरीच्या नोंदीची नक्कल न्यायाधीशांनी मागवलीय, आणि कोर्टात मोठ्याने म्हणाले, "हा पोरगा तबेल्यात का आहे?" हे तुझ्या घोड्यांनाही सांग!

आत काय दिसलं, काय ऐकलं, मला ठाऊक नाही. मी विचारलं नाही. तूही विचारू नको.

आज ती दुकानात आली होती. फोन कोर्टातच आहे, तिने नवा घेतलाय. त्याच्या पाठीवर मी चिमणी चिकटवून दिली, आईने कुठूनशी आणली. तिला मी कबूल केलं, की तुमची गोष्ट माझ्याच पत्रातून फुटली होती. तिने नवा फोन पिशवीत टाकला. मला वाटलं, आता उठून जाईल. मग म्हणाली, "ठाऊक होतं मला. खालचा कप्पा दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार?" आणि तरीही फोन तिने माझ्याकडेच ठेवला होता, बारक्या.

जाताना तिने ती आता कुठे राहते, तो पत्ता मला सांगितला. कधी काही लागलं तर या म्हणाली.

तो या पत्रात नाही.

तुझी,
ताई